कमी खर्चातला घरचा फिशटँक: आधी पाणी मुरवा, मग मासे आणा

पहिला टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच घ्या, काच 5 मिमीची. यात साधारण 45 लिटर पाणी बसतं. काचेचा गोल बाऊल स्वस्त दिसतो, पण एवढ्याशा पाण्यात घाण झपाट्याने साचते आणि मासे टिकत नाहीत. जुना टँक कुणी देत असेल तर बेलाशक घ्या. फक्त गळती तपासल्याशिवाय त्यावर पुढचा एक रुपयाही घालू नका.

गळतीची चाचणी

टँक अंगणात किंवा गच्चीवर सपाट फरशीवर ठेवा. खाली एक सेंटिमीटर जाडीचा थर्मोकोल आणि त्यावर कोरडं वर्तमानपत्र. आधी अर्धा भरा, तासभर थांबा, मग काठापासून दोन बोटं खाली राहील इतका भरा. पाण्याच्या रेषेवर मार्करने खूण करून 48 तास हात लावू नका.

बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात इथे हमखास फसगत होते. बोअरचं गार पाणी भरलं की काचेला बाहेरून घाम फुटतो आणि टँक गळतोय असं वाटतं. कोरड्या फडक्याने पुसून बघा. घाम असेल तर सगळ्या काचेवर पुन्हा धुकं धरतं. गळती असेल तर एकाच सांध्यापाशी ओलसर रेघ उमटते आणि तिथलाच कागद भिजतो. पाणी खोलीच्या तापमानाला आलं की घाम थांबतो, गळती थांबत नाही.

गळत असेल तर बाहेरून सिलिकॉनचं बोट फिरवून काही होत नाही. नवं सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला धरत नाही. टँक रिकामा करून पूर्ण वाळवा, आतल्या कोपऱ्यांतला जुना थर ब्लेडने खरवडून काढा, काच स्पिरिटने पुसा आणि मग सलग नवा थर द्या. बुरशीरोधक औषध मिसळलेलं सिलिकॉन नको, ते माशांना घातक असतं. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे आठवडाभर, थांबा आणि चाचणी पुन्हा घ्या.

मांडणी

भरलेल्या टँकचं वजन 65 किलोच्या घरात जातं, त्यामुळे टीव्हीचा टेबल चालणार नाही. गवंड्याकडची लेव्हल पट्टी दोन्ही दिशांनी लावून बघा. एक कोपरा जरी खाली असला तरी ताण सांध्यावर येतो. खिडकीचं थेट ऊन टाळा, नाहीतर काच शेवाळाने हिरवी होईल.

तळाला चार सेंटिमीटर थरासाठी 10-11 किलो बारीक गोटे लागतात. क्रशरची खडी फुकटात मिळते, पण तिच्या धारेने तळाशी फिरणारे मासे खरचटतात. नदीतले गुळगुळीत गोटे बरे. त्यांवर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला तर चुनखडीचा दगड आहे, वगळा. जांभ्याचे तुकडे दिसतात छान, पण लाल माती सोडत राहतात. गोटे नितळ पाणी येईपर्यंत धुवा. दहा-बारा पाणी लागतात, कंटाळू नका.

फिल्टर म्हणून एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरतो. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा आणि नळीत उलट्या प्रवाहाला अडवणारा छोटा व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर लाईट गेली की पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोळ पडेल अशी सोडा, म्हणजे थेंब प्लगपर्यंत पोचत नाही. डिसेंबर-जानेवारीत इथल्या रात्री गार असतात, तेव्हा 50 वॉटचा हीटर लावून पाणी 24-26 अंशांवर ठेवा.

पाणी मुरवणं

राकसकोप किंवा हिडकल जलाशयातून येणारं नळाचं पाणी क्लोरीन घालून येतं. उघड्या बादलीत 24 तास ठेवा, एअर पंप सोडला तर आणखी बरं. बोअरचं पाणीही तसंच ठेवायचं, कारण जमिनीतून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. ते जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, असेल तर गप्पी, मॉली या माशांना उलट मानवतं.

आता खरी परीक्षा. फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर माशांचं खाद्य रिकाम्या टँकमध्ये टाका. ते कुजून अमोनिया तयार होतो, एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या निरोगी टँकमधला वापरलेला स्पंज आपल्या पाण्यात पिळला तर लवकर. थेंबांच्या टेस्ट किटवर कंजूषी नको, हवं तर दोघा-तिघांत मिळून एक घ्या. रोज खाद्य टाकूनही अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले, नायट्रेट चढलं, की टँक तयार. पाणी नितळ दिसणं ही खूण नव्हे. विषारी पाणीही काचेसारखं नितळ असतं.

मासे

आधी पाच-सहा गप्पी, तेही फक्त नर. माद्या आल्या की महिन्याभरात पिल्लांचा बाजार भरतो. पिशवी 15 मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी कपभर टँकचं पाणी तिच्यात घाला. जाळीने फक्त मासे सोडा, पिशवीतलं पाणी बाहेर टाका. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकंच.

दर आठवड्याला 10-12 लिटर पाणी बदला. हीटर बंद करून 15 मिनिटांनीच पाणी उपसा, नाहीतर तापलेली नळी उघडी पडून तडकते. स्पंज त्याच उपसलेल्या पाण्यात पिळा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने जीवाणू मरतात आणि चार आठवड्यांची मेहनत वाया जाते. लाईट बराच वेळ गेली तर खाद्य बंद ठेवा आणि दर अर्ध्या तासाने तांब्याभर पाणी उंचावरून पुन्हा टँकमध्येच ओता. मासे जास्त झाले तर शेजारी द्या, मार्कंडेय नदीत सोडू नका.