आठ क्लब, एक मैदान, अठरा सामने : जिल्हा संघटनेने एक दिवसाची रग्बी सेव्हन्स स्पर्धा कशी घ्यावी

जिल्हा रग्बी संघटनेकडे साधारण एकच मैदान, एकच रविवार आणि मोजका पैसा असतो. तेवढ्यात आठ सदस्य क्लबांची स्पर्धा नीट होते, पण संघ सात-सात खेळाडूंचे, म्हणजे सेव्हन्सचे हवेत. पंधरा-पंधरा खेळाडूंचा सामना ८० मिनिटे चालतो आणि एका संघाला दिवसात दुसरा सामना खेळवता येत नाही. सेव्हन्सचा सामना ७ मिनिटांच्या दोन डावांत आणि जास्तीत जास्त २ मिनिटांच्या मध्यंतरात, म्हणजे १६ मिनिटांत संपतो. दुखापतीचे थांबे आणि संघांची ये-जा धरून प्रत्येक सामन्याला २२ मिनिटे द्या. वीस मिनिटांचे वेळापत्रक कागदावर छान दिसते, पण तिसऱ्या सामन्यालाच ते मागे पडते आणि दिवसभर मागेच राहते.

आठ क्लबांचे चार-चारचे दोन गट करा. कार्यकारिणीच्या बैठकीत ‘ठरवून’ गट पाडू नका. कप्तानांसमोर चिठ्ठ्या टाका. प्रत्येक गटात ६, म्हणजे साखळीचे १२ सामने होतात. त्यानंतर दोन उपांत्य सामने आणि सातव्या, पाचव्या, तिसऱ्या व पहिल्या क्रमांकाचे चार. एकूण १८. यात सर्वांत कच्च्या क्लबालाही चार सामने मिळतात. नवा क्लब दोन पराभवांनंतर सकाळी दहालाच घरी गेला, तर पुढच्या वर्षी त्याचा प्रवेशअर्ज येत नाही. म्हणून खालच्या क्रमांकांचे सामने वेळ वाचवण्यासाठी कधीही कापू नका.

साखळीचा क्रम असा ठेवा (अ आणि ब हे गट, १ ते ४ हे त्यातले संघ) :

पहिली फेरी : अ१–अ४, अ२–अ३, ब१–ब४, ब२–ब३
दुसरी फेरी : अ१–अ३, अ४–अ२, ब१–ब३, ब४–ब२
तिसरी फेरी : अ१–अ२, अ३–अ४, ब१–ब२, ब३–ब४

या क्रमात कोणत्याही संघाच्या दोन सामन्यांमध्ये निदान दोन सामने जातात, म्हणजे पाऊण तासाची विश्रांती मिळते. ‘अमुक संघाला लवकर निघायचंय’ म्हणून अदलाबदल केली की हीच विश्रांती जाते, आणि सेव्हन्समध्ये दमलेला खेळाडू मान खाली घालून टॅकलला, म्हणजे चेंडूवाल्याला पकडून पाडायला जातो. गंभीर दुखापती तिथे होतात.

पहिली किक ६:४५ला घ्या, म्हणजे साखळी ११:०९ला संपते. दुपारचे ऊन टाळून ३:३०ला पुन्हा सुरुवात करा : आधी दोन्ही उपांत्य सामने, मग सातव्या आणि पाचव्या क्रमांकाचे, मग तिसऱ्याचा, शेवटी अंतिम. सरळ हिशेबाने ५:४२ होतात. बाद फेरीत बरोबरी झाली तर एक मिनिटाच्या विश्रांतीनंतर ५-५ मिनिटांचा जादा वेळ असतो आणि जो आधी गुण करील तो जिंकतो. डिसेंबरात सूर्य पश्चिम महाराष्ट्रात सहाच्या सुमारास आणि विदर्भात त्याआधीच मावळतो, हे लक्षात घेऊन दुपारची सुरुवात लांबवू नका.

साखळीत विजयाला ३, बरोबरीला २, पराभवाला १ आणि गैरहजेरीला ० गुण द्या. दोन संघ समान गुणांवर आले तर आधी त्यांचा आपसातला निकाल, मग गुणफरक, मग ट्रायचा (समोरच्या संघाच्या ट्राय लाइनपलीकडे चेंडू टेकवण्याचा) फरक पाहा. हा नियम आदल्या दिवशीच्या कप्तानांच्या बैठकीत वाचून त्यावर सह्या घ्या. साखळी संपल्यावर नियम सांगितला तर तो कोणालाच मान्य होत नाही.

मैदान

ट्राय लाइन ते ट्राय लाइन जास्तीत जास्त १०० मीटर, रुंदी जास्तीत जास्त ७० मीटर, आणि दोन्ही टोकांना किमान ६ मीटरचे इन-गोल, म्हणजे ट्राय लाइनमागची चेंडू टेकवण्याची जागा. आपल्याकडे बहुतेक वेळा फुटबॉलचे मैदान मिळते. ते १०५ बाय ६८ असेल तर मध्ये ९३ मीटर ठेवून दोन्हीकडे ६-६ मीटर सोडा. लांबी थोडी कमी झालेली चालते, इन-गोल कमी केलेले चालत नाही. ट्राय करणारा खेळाडू पूर्ण वेगात घसरतो आणि मागे कुंपण असते. बाजूंनाही ५ मीटर मोकळी जागा हवी. तिथे खुर्च्या, मोटरसायकली, मंडपाचे खांब नकोत.

आखणी आदल्या संध्याकाळी करा. कोपरा काटकोनात आणायला ६-८-१० मीटरचा दोरीचा त्रिकोण पुरतो. शेवटी कर्ण मोजा : १०० बाय ७०ला तो १२२.०७ मीटर आणि ९३ बाय ६८ला ११५.२१ मीटर यायला हवा. दोन्ही कर्णांत हातभराचा फरक दिसला तर फक्की मारण्याआधी खुंट्या हलवा. पूर्ण मापाच्या मैदानाला इन-गोल, मध्यरेषा आणि ट्राय लाइनपासून २२ मीटरवरच्या दोन्ही रेषा धरून सुमारे ७१५ मीटर सलग रेषा लागते. १०, ५ आणि १५ मीटरच्या तुटक रेषा वेगळ्या.

फक्की कसली आहे हे स्वतः पाहा. दुकानदार चुना देतो, आणि ओल्या मैदानावर तो डोळ्यांत गेला की डोळा भाजतो. रग्बीत चेहरा जमिनीला लागतोच. संगमरवराची किंवा खडूची भुकटी घ्या. पाऊस असेल तर पाण्यात कालवलेला पांढरा रंग ब्रशने मारा, भुकटी पहिल्या सरीतच वाहून जाते.

गोलपोस्टच्या दोन खांबांमध्ये ५.६ मीटर, आडवी दांडी ३ मीटरवर. खांबांना माणसाच्या उंचीपर्यंत फोम गुंडाळा, पण तो ट्राय लाइनपासून ३०० मिलिमीटरपेक्षा पुढे येऊ देऊ नका. फोमला चेंडू टेकवला की पूर्वी ट्राय मिळायची. २०२०पासून मिळत नाही. जुने खेळाडू यावरून हमखास वाद घालतात, म्हणून हेही बैठकीत सांगा. चौदा झेंड्यांसाठी बांबू किंवा सळई न वापरता वायरिंगचा प्लास्टिक पाइप घ्या, उंची किमान १.२ मीटर.

पाच नंबरचे किमान चार चेंडू ठेवा. हवा ९.५ ते १० पीएसआय, सकाळी आणि दुपारी गेजने तपासा. १४ वर्षांखालील गट असेल तर चार नंबरचा चेंडू.

पंच आणि खेळाडू

चार रेफरी आळीपाळीने चार-पाच सामने घेऊ शकतात. प्रत्येक सामन्याला शिवाय दोन टच जज (बाजूच्या रेषांवरचे पंच), दोन इन-गोल जज, एक वेळ पाहणारा आणि एक गुणलेखक. प्रत्येक क्लबकडून दोन प्रशिक्षित माणसे प्रवेशअर्जातच मागून घ्या, पण त्यांना स्वतःच्या गटात नेमू नका. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचे नियमांचे आणि प्रथमोपचाराचे प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहेत.

संघात १२ खेळाडू, त्यातले ५ बदली. यादी, जन्मतारखेचा पुरावा आणि छायाचित्र १५ दिवस आधी घ्या. एक खेळाडू एकाच क्लबकडून खेळेल आणि यादी बंद झाल्यावर नाव बदलणार नाही. सामन्याच्या सकाळी ‘पाहुणा’ खेळाडू घेऊ दिला की प्रामाणिक क्लबांचे नुकसान होते.

मैदानात उतरण्याआधी प्रत्येकाचे बूट आणि अंग तपासा. स्टड २१ मिलिमीटरपेक्षा लांब नको, धावण्याचे स्पाइक अजिबात नको. अंगठी, कडे, साखळी, बांगड्या, कानातले, धातूचा ताईत काढायला लावा. वर टेप लावून चालत नाही.

महाराष्ट्रात बरेच खेळाडू कबड्डीतून येतात. पाय धरण्यात ते फार तरबेज असतात, पण तीन सवयी सतत पेनल्टी देतात. हात न लावता नुसता खांद्याचा डॅश मारणे. पकडलेल्याला उचलून आपटणे, ज्याला लाल कार्डही मिळू शकते. आणि खाली पाडल्यावर सोडून न देणे. कबड्डीत सोडले की गुण जातो, इथे सोडले नाही की जातो. नव्या क्लबांसाठी आदल्या दिवशी अर्धा तास फक्त याचाच सराव ठेवा. पिवळ्या कार्डाला सेव्हन्समध्ये २ मिनिटे बाहेर बसावे लागते, आणि सहा जणांना तेवढ्यात दोन ट्राय सहज बसतात.

दुखापत

रुग्णवाहिका, स्ट्रेचर, मानेचा पट्टा आणि डॉक्टर मैदानावर पोचल्याशिवाय पहिली शिट्टी नाही. रुग्णवाहिका कोणाला घेऊन गेली तर दुसरी येईपर्यंत खेळ थांबवा. मानेला मार लागल्याची शंका आली तर डॉक्टर येईपर्यंत खेळाडूला हलवू नका.

डोक्याला मार लागून खेळाडू निपचित पडला, लडखडला, गोंधळला, तर त्याला बाहेर काढा. ‘कोणता डाव चालू आहे?’, ‘शेवटचे गुण कोणी केले?’ असे विचारा. उत्तर चुकले तर मेंदूला मार बसला आहे असे धरा. बरोबर आले तरी तो त्या दिवशी परत खेळणार नाही, मग सामना अंतिम असो. पहिले २४ ते ४८ तास विश्रांती, मग टप्प्याटप्प्याने सराव, आणि २१ दिवसांच्या आत सामना नाही. क्लबचा प्रशिक्षक ‘तो ठीक आहे’ म्हणेल, पण हा निर्णय त्याच्याकडे ठेवू नका. खेळाडूचे नाव वहीत लिहून क्लबला आणि घरच्यांना त्याच दिवशी कळवा.

प्रत्येक संघाचे १४ जण धरले तर ११२ माणसे, माणशी साडेतीन लिटर, म्हणजे २० लिटरचे २० जार. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पूर्ण एक लिटरमध्ये. ग्लासभर पाण्यात ढवळून दिलेली पुडी त्रास वाढवते.

कागदपत्रे

प्रत्येक सामन्याच्या गुणपत्रिकेवर रेफरी आणि दोन्ही कप्तानांच्या सह्या शिट्टीनंतर लगेच घ्या. प्रमाणपत्रे मूळ यादीवरूनच लिहा, त्यांना क्रमांक द्या आणि स्थळप्रत ठेवा. राज्यात शासकीय नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते. जिल्ह्यातल्या क्लब स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळेल असे कोणत्याही मुलाला सांगू नका. पण इथून निवडलेला खेळाडू पुढे राज्याकडून खेळला, तर त्याची निवड कोणत्या सामन्यांवरून झाली हे संघटनेला दाखवता आले पाहिजे. म्हणून प्रवेशअर्ज, गुणपत्रिका आणि दुखापतींची वही एकाच फाइलमध्ये लावा, स्कॅन करून राज्य संघटनेला पाठवा, आणि मूळ फाइल सचिवांच्या घरी न ठेवता संघटनेच्या कार्यालयात ठेवा.