मालमत्तेचा व्यवहार न अडकता कसा पार पाडावा: एजंटांसाठी मार्गदर्शक

भाव ठरला, दोन्ही बाजूंचा होकार आला की बरेच एजंट निर्धास्त होतात. अवघड काम मात्र तिथूनच सुरू होते. त्यानंतर ताब्यापर्यंत खरेदीदार, विक्रेता, दोघांच्या बँका, वकील आणि नोंदणी कार्यालय अशी फाईल फिरत राहते. यातला प्रत्येक जण आपल्यापुरताच तुकडा पाहतो. अख्खा व्यवहार फक्त एजंटाला दिसतो, म्हणून पुढे कुठे अडेल हे आधी ओळखण्याची जबाबदारीही त्याचीच. जी अडचण टोकनआधी (म्हणजे बयाणा देण्याआधी) समोर येते ती चर्चेने सुटते, तीच टोकननंतर आली की भांडण होते. पुढच्या पायऱ्या हेच डोळ्यांसमोर ठेवून लावल्या आहेत.

पायरी 1: जाहिरातीआधी कागद पाहा

आधी फोटो, मग जाहिरात आणि गिऱ्हाईक मिळाल्यावर कागद, असा क्रम अनेकांचा असतो. तो उलटा करा. विक्रेत्याच्या पहिल्या भेटीतच मालकीचा दस्त मागा आणि त्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते पाहा. संयुक्त मालकी असेल तर प्रत्येकाची संमती लागेल. मूळ मालक हयात नसेल तर वारस कोण, ते कुठे राहतात आणि सगळे विकायला तयार आहेत का, हे त्याच बैठकीत विचारा. विचारायला संकोच वाटतो, पण हा प्रश्न टाळून कुणाचेच भले होत नाही.

एखादा भाऊ परदेशात आहे, कुलमुखत्यारपत्रावर (दुसऱ्याला आपल्या वतीने सही करण्याचा अधिकार देणाऱ्या पत्रावर) सही होईल, असे सांगितले तर ते पत्र स्वतः वाचा. त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा. पत्र देणारा वारला की सर्वसाधारणपणे त्या पत्राचा अंमलही संपतो, तेव्हा पत्र जुने असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. ओळखपत्रावरचे आणि दस्तावरचे नाव अक्षर न् अक्षर जुळते का, दस्तातले क्षेत्रफळ आणि प्रत्यक्षातले एकच आहे का, हेही आताच तपासा.

मालमत्तेवर कर्ज असेल तर मूळ कागद बहुधा बँकेकडे असतात. शिल्लक रकमेचे पत्र बँक ठराविक तारखेपर्यंतचेच देते, कारण व्याज रोज चढते. 20 लाख शिल्लक आणि वर्षाला 9 टक्के व्याज असेल तर दिवसाला सुमारे 493 वाढतात, म्हणजे व्यवहार दहा दिवस लांबला तर आकडा 4,900 हून जास्त रुपयांनी वाढतो. त्यामुळे हे पत्र नोंदणीच्या तारखेचा हिशेब करूनच मागवा. फेडीनंतर कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला आणि मूळ कागद किती दिवसांत मिळतील, याचे उत्तरही बँकेकडून लेखी घ्या.

पायरी 2: खरेदीदाराच्या पैशाची खात्री करा

‘लोन होऊन जाईल’ या वाक्यावर व्यवहार उभा करू नका. मंजुरीपत्र पाहा, त्याची मुदत पाहा आणि त्यातल्या अटी वाचा. मंजुरी मिळणे आणि रक्कम हातात येणे यांमध्ये बँकेची कायदेशीर तपासणी आणि मूल्यांकन असते. सर्वात जास्त धक्का बसतो तो मूल्यांकनाने. भाव 100 ठरला आणि बँक 80 टक्के कर्ज देते, म्हणून खरेदीदार स्वतःचे 20 तयार ठेवतो. पण बँकेने मालमत्तेची किंमत 90 च धरली तर कर्ज 72 चे होते आणि खरेदीदाराला 20 ऐवजी 28 उभे करावे लागतात. हा हिशेब त्याच्यासमोर कागदावर मांडा आणि वरचे 8 कुठून येतील ते विचारा. उत्तर नसेल तर त्याला बयाणा द्यायला लावू नका.

पायरी 3: अटी एका पानावर लिहा

टोकन देण्यापूर्वी भाव, हप्ते आणि त्यांच्या तारखा, घरात काय राहणार व काय जाणार, कोणता खर्च कोण करणार आणि ताबा कधी, हे सगळे साध्या भाषेत लिहून दोघांच्या सह्या घ्या. कर्ज नामंजूर झाले तर टोकन परत मिळणार का, हे वाक्य त्या पानावर हवेच. अनेक वाद याच एका गोष्टीवरून पेटतात. तुम्ही दोन्ही बाजूंकडून कमिशन घेणार असाल तर तेही दोघांना लेखी कळवा. कायदा तशी परवानगी देतो का, हे आधी पाहून घ्या.

पायरी 4: तारखा शेवटापासून मागे मोजा

नोंदणीचा दिवस धरा आणि तिथून उलटे चाला: धनादेश कधी तयार हवा, त्याआधी बँकेची तपासणी कधी संपायला हवी, त्याआधी ना हरकत पत्र कधी हातात हवे. प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचे नाव लिहा. ‘वकील आणि पार्टी बघतील’ असे लिहिले की कुणीच बघत नाही. जी कामे एकमेकांवर अवलंबून नाहीत ती एकाच वेळी सुरू करा. ना हरकत पत्राच्या अर्जासाठी मंजुरीपत्र येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही, दोन्ही अर्ज एकाच दिवशी जाऊ शकतात. दुसऱ्यांच्या हातातल्या कामांना थोडे जास्तीचे दिवस द्या.

पायरी 5: ठरलेल्या दिवशी खबर द्या

आठवड्यातला एक वार ठरवा आणि त्या दिवशी दोन्ही बाजूंना कळवा: काय झाले, काय बाकी आहे, आता कोणाची पाळी आहे. काहीच हालचाल नसेल तरीही कळवा. गप्प एजंटाबद्दल माणसे वाईटच कल्पना करतात, आणि ते स्वाभाविक आहे, कारण आयुष्याची कमाई त्यात अडकलेली असते. फोनवर ठरलेली गोष्ट लगेच दोन ओळींत लिहून पाठवा. वाईट बातमी मात्र आधी फोनवरच सांगा, आणि सोबत पुढचा मार्गही सांगा.

पायरी 6: पैशाची वाट सांभाळा

खरेदीदाराची रक्कम स्वतःच्या खात्यात घेऊ नका. ती थेट विक्रेत्याकडे किंवा त्यासाठीच ठेवलेल्या वेगळ्या खात्यात जाऊ द्या. शेवटच्या क्षणी ‘खाते बदलले आहे, नव्या क्रमांकावर पाठवा’ असा ईमेल आला तर तो फसवणुकीचा प्रकार असू शकतो. ईमेल हॅक करून मालमत्तेच्या व्यवहारांतले पैसे असे पळवले जातात. त्या ईमेलमधला नंबर लावू नका, आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर बोलून खात्री करा. हा धोका खरेदीदाराला पहिल्याच भेटीत सांगून ठेवा.

पायरी 7: ताब्याच्या दिवशी

नोंदणीच्या एक-दोन दिवस आधी खरेदीदारासह घर पुन्हा फिरून पाहा. ठरलेल्या वस्तू जागेवर आहेत का, नळ आणि दिवे चालतात का, घर रिकामे झाले का, ते बघा. वीज-पाण्याच्या मीटरचे आकडे फोटोसह टिपा, किल्ल्या मोजून द्या आणि ताब्याच्या पावतीवर दोघांच्या सह्या घ्या. नंतर कोणत्या कामाला ठरल्यापेक्षा किती दिवस जास्त लागले, ते फाईलच्या पहिल्या पानावर लिहा. पुढच्या व्यवहाराच्या तारखा मांडताना हेच दिवस धरायचे आहेत.