डुकाटी स्पोर्टक्लासिक: आधी डोळे भरून बघा, मगच पाना हातात घ्या

सात वर्षं झाली मी इटलीत बोलोन्याजवळ राहतोय, नोकरी गाड्यांच्याच धंद्यातली, आणि गॅरेजमध्ये डुकाटीच्या स्पोर्टक्लासिक मालिकेतली एक पिवळी स्पोर्ट १००० उभी असते, २००६ ची, एका सीटवाली. पुण्यातले मित्र फोटो बघतात आणि दर वेळी तेच विचारतात, की बाबा अशी जुन्या वळणाची इटालियन बाईक हाताशी आली तर तिच्यात काय बदलायचं, कुठून सुरुवात करायची. प्रत्येकाला वेगळं टाईप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहितोय, लांब झालंय, निवांत वाचा.

सुरुवात बघण्यापासून करायची. ही गाडी म्हणजे एका शर्यतीची आठवण आहे आणि ती शर्यत माहीत नसेल तर कुठल्या रेषेला हात लावायचा नाही हे कळतच नाही. २३ एप्रिल १९७२, इटलीतला इमोलाचा ट्रॅक, २०० मैलांची शर्यत. डुकाटीला चांगला रायडर हवा होता, पॉल स्मार्ट तेव्हा अमेरिकेत रेस करत होता, घरी फोन आला तो बायकोने उचलला, मॅगीने, आणि तिनेच परस्पर हो सांगून टाकलं. (ही मॅगी म्हणजे बाईक रेसर बॅरी शीनची बहीण, त्यामुळे रेसिंग तिला घरातूनच ठाऊक.) समोर एमव्ही अगुस्ता या दुसऱ्या इटालियन कंपनीच्या गाडीवर नावाजलेला रेसर अगोस्तिनी होता. तरी डुकाटीचा इंजिनीअर फाबियो तालियोनीने बनवलेल्या ७५० वर स्मार्ट पहिला आला आणि ब्रुनो स्पाज्यारी दुसरा. त्या विजयातून पुढे १९७४ ची ७५० सुपर स्पोर्ट आली, चंदेरी अंग आणि निळसर हिरवी फ्रेम. मग थेट २००३ च्या टोकियो मोटर शोमध्ये डिझायनर पिएर तेरब्लांशने स्पोर्टक्लासिकच्या कल्पना मांडल्या, आणि २००६ च्या मॉडेलपासून गाड्या रस्त्यावर आल्या. त्यातल्या पॉलस्मार्ट १००० एलई (म्हणजे लिमिटेड एडिशन) फक्त २००० बनल्या, आणि तिची फ्रेम हिरवी का आहे ते आता तुम्हाला सांगायला नको.

आता गाडीपासून दहा पावलं लांब जाऊन उभे रहा. इंजिन बघा, पुढचा सिलिंडर जवळजवळ आडवा झोपलेला, मागचा उभा, दोघांमध्ये ९० अंश, म्हणून याला एल-ट्विन म्हणतात. एका सीटवाल्या स्पोर्टवर डाव्या बाजूला एकच शॉकअप दिसतो आणि दोन्ही सायलेन्सर उजवीकडे एकावर एक, त्यामुळे दोन्ही बाजूंनी गाडी वेगळी दिसते. टाकीची खालची कड आणि सीटमागचा उंचवटा यांना जोडणारी रेषा डोळ्याने काढा, मागच्या चाकावर ती कशी उचलली जाते ते बघा. आणि मग जे डोळ्यात खुपतं ते बघा, म्हणजे नंबर प्लेटचा लांब लटकलेला ब्रॅकेट, जाडजूड इंडिकेटर, रिफ्लेक्टर. माझं मत विचाराल तर आपल्याला बदलायचं असतं ते एवढंच, नियमांसाठी वरून जे टांगलंय ते कमी करायचं, बाकी आकार डिझायनरने पूर्ण करून ठेवलाय.

भावंडं थोडक्यात सांगतो. दोन सीटवाल्या स्पोर्टला दोन शॉकअप आणि दोन्ही बाजूला एकेक सायलेन्सर. स्पोर्ट १००० एस म्हणजे अर्ध्या फेअरिंगची, म्हणजे पुढे वारा अडवणारं अर्धं कवच असलेली. जीटी १००० चं हँडल उंच, सीट आरामाची, आणि क्लच ऑइलमध्ये बुडालेला. इंजिन सगळ्यांना तेच, ९९२ सीसी, एअर-कूल्ड, एका सिलिंडरला दोन प्लग, ९२ हॉर्सपॉवर. कंबर दुखत असेल तर सरळ जीटी घ्या, मनापासून सांगतोय. स्पोर्ट आणि पॉलस्मार्टचं हँडल इतकं खाली आहे की बोलोन्याहून फुता घाटात जाऊन परत आलं की मनगटं बोलायला लागतात. घाटात मात्र तीच बैठक इतकी बरोबर वाटते की वाट संपू नये असं वाटतं.

घेण्याआधी सगळ्यात महत्त्वाचं काय तर पेट्रोलची टाकी. ती प्लास्टिकची आहे आणि हे प्लास्टिक पेट्रोलमधलं इथेनॉल पिऊन फुगतं. बाहेरून बघून चटकन कळत नाही, म्हणून मालकाला विनंती करून टाकी उचलून बघा, बोल्ट आपल्या भोकात सरळ बसतायत का की ढकलून बसवावे लागतायत, टाकी फ्रेमला किंवा हँडलला घासतेय का, आणि रंगाखाली बारीक फोड आलेत का. थोडी फुगलेली टाकी पूर्ण रिकामी करून उघडी ठेवली तर काही आठवड्यांत थोडी बसते, पण पूर्ववत होईलच असं नाही. म्हणून माझा नियम असा की पंपावर ई५ का ई१० (म्हणजे पाच की दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) ते लेबल वाचूनच भरायचं, कमीत कमी इथेनॉलवालं घ्यायचं, आणि हिवाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून, सुकवून, झाकण उघडं ठेवायचं. भारतात आता पंपावर ई२० मिळतं म्हणजे वीस टक्के इथेनॉल, त्यामुळे तिकडे कुणाकडे अशी प्लास्टिकच्या टाकीची जुनी बाईक असेल तर ही काळजी चौपट. काही लोक कारागिराकडून ॲल्युमिनियमची टाकी बनवून घेतात. हाताने ठोकून बनवलेली चांगली टाकी दिसते सुंदर, फक्त मूळ टाकी फेकू नका.

दुसरं म्हणजे बेल्ट. या इंजिनात कॅम, म्हणजे वॉल्व्ह उघडणारा दांडा, फिरवायला रबरी बेल्ट आहेत, आणि गाडी फिरो न फिरो, दर दोन वर्षांनी ते बदलायचेच. विकणारा म्हणेल फक्त पाच हजार किलोमीटर झालेत, बेल्ट नवेच आहेत, तर त्याला तारखेची पावती मागा, किलोमीटर ऐकू नका. बेल्ट तुटला तर वॉल्व्ह पिस्टनला धडकतो आणि मग खर्चाचा आकडा बाईकच्या किमतीच्या शेजारी जाऊन बसतो. बदलणं घरी जमतं. ताण मोजायला बेल्ट तारेसारखा छेडायचा आणि फोनमधल्या ॲपने आवाजाची फ्रिक्वेन्सी मोजायची, आकडा आपल्याच इंजिनच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्यायचा, इकडचा तिकडचा ऐकीव नको. वॉल्व्हचं काम मात्र पहिल्यांदा जाणकाराच्या शेजारी बसून करा. डेस्मोमध्ये, म्हणजे डुकाटीच्या या वॉल्व्ह यंत्रणेत, वॉल्व्ह बंद करायला स्प्रिंगच्या जागी दुसरा रॉकर असतो, म्हणून उघडण्याची आणि बंद होण्याची अशी दोन्ही क्लिअरन्स, म्हणजे मधली बारीक फट, बघावी लागते. मी पहिल्या वेळी अख्खा शनिवार एका म्हाताऱ्या मेकॅनिकच्या मागे उभा राहून फक्त बघितलं, आणि त्या एका दिवसात जे शिकलो ते पुढे कायम कामाला आलं.

आता बदलांकडे. त्याआधी एक गोष्ट पक्की करा, जे काही कराल ते परत फिरवता आलं पाहिजे. कापायचं नाही, वेल्ड करायचं नाही, भोक पाडायचं नाही. काढलेला प्रत्येक तुकडा, अगदी वॉशरसुद्धा, छोट्या पिशवीत घालून वर मार्करने लिहायचं की कुठून काढला आणि कधी, आणि काढण्याआधी फोटो. कारण असं की इंजिनचे पार्ट मिळतात, तेच ९९२ चं इंजिन मल्टिस्ट्राडा १००० मध्ये होतं, मॉन्स्टर एस२आर १००० मध्ये होतं, त्यामुळे भंगारातूनही सापडतं. पण टाकी, सीटमागचा उंचवटा, बाजूची पॅनेल्स, मागचं मडगार्ड हे फक्त याच गाड्यांचं आणि कधीच बंद झालेलं. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने मागचं मडगार्ड करवतीने कापलं होतं, मूळ तुकडा मिळवायला मला आठ महिने लागले. शिवाय इटलीत वीस वर्षांवरच्या गाडीला ऐतिहासिक वाहन म्हणून नोंदवता येतं, २००६ च्या गाड्या आता त्या वयाला पोचल्या, आणि तिथे तपासणारे गाडी मूळ रूपात आहे का तेच बघतात.

पहिला खर्च सस्पेन्शनवर करा. दिसत नाही म्हणून लोक टाळतात आणि आधी सायलेन्सर घेतात, पण स्पोर्ट १००० चा पुढचा मार्झोकी फोर्क ॲडजस्ट होत नाही आणि खराब रस्त्यावर हात झिणझिणतात. तुम्ही रायडिंगच्या पूर्ण कपड्यांनिशी बसा, मित्राला मोजायला सांगा की गाडी किती दबते, साधारण ३० ते ४० मिमी ठीक. त्याहून फार वेगळं असेल तर आपल्या वजनाच्या स्प्रिंग आणि नवीन फोर्क ऑइल टाका, मागे शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबलेली आहे ते) जुळवा. पॉलस्मार्टवर ओलिन्स कंपनीचे चांगले फोर्क आणि शॉकअप आधीच आहेत, तिथे फक्त नीट सेट करायचं आणि सर्व्हिस करून घ्यायचं.

मग हँडल. थोडे उंच येणारे क्लिप-ऑन, म्हणजे फोर्कच्या नळ्यांना वेगवेगळे बसणारे हँडलचे दोन तुकडे, मिळतात, ते लावताना हँडल पूर्ण वळवून बघा की टाकीला लागत नाही ना आणि क्लचचा पाईप, केबल ताणली जात नाही ना. मग शेपूट, म्हणजे नंबर प्लेट आत घेणारा छोटा ब्रॅकेट आणि बारीक इंडिकेटर, हे संध्याकाळच्या तीन तासांचं काम आणि गाडीचं रूप जितकं यात खुलतं तितकं दुसऱ्या कशातच नाही. वायर कापू नका, मूळ कनेक्टरला बसणारा ॲडॅप्टर घ्या. पार्टवर मान्यतेचा शिक्का आहे का तेही बघा, नाहीतर दर दोन वर्षांच्या तपासणीत अडकतं.

सायलेन्सर बदलायचा तर एकटा बदलू नका. मोकळा सायलेन्सर आणि मोकळा एअरबॉक्स (इंजिनला हवा देणारा डबा) झाला की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, गाडी खालच्या आरपीएमला धक्के देते, म्हणून त्याला जुळणारं ईसीयू मॅपिंग, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरमधली पेट्रोलची सेटिंग, त्याच वेळी हवं. आवाजाबद्दल अजून एक, स्पोर्टचा क्लच कोरडा आहे, न्यूट्रलमध्ये लिव्हर दाबला की फडताळातल्या भांड्यांना हात लागल्यासारखा खडखडाट होतो. शेजारचे घाबरून विचारायला येतात, पण तो दोष नाही, तो तसाच असतो. जाळीचं उघडं क्लच कव्हर लावलं की तो आवाज आणि फिरणारा क्लच दोन्ही दिसायला-ऐकायला मिळतात. मला ते फार आवडतं, फक्त पावसात चालवणाऱ्याने लावू नये.

चाकं स्पोकची, म्हणजे आत ट्यूब. महामार्गावर पंक्चर झालं तर हवा एकदम जाते. स्पोक सील करून ट्यूबलेस करून देणारे कारागीर आहेत, पण हे घरच्या घरी सिलिकॉनने करायचं काम नाही, माणूस ओळखीचा आणि अनुभवी हवा.

रंग सगळ्यात शेवटी, आणि खरं सांगायचं तर रंगवूच नका. फारच हौस असेल तर सीटमागचा एखादा जादा उंचवटा मिळवा आणि तो रंगवा, मूळचा कपड्यात गुंडाळून ठेवा.

भारतातल्यांसाठी वेगळं दोन ओळी. वापरलेली जुनी परदेशी बाईक आयात करायचे नियम फार कडक आहेत, त्यामुळे स्पोर्टक्लासिकमागे जीव टाकू नका. तिच्याच नात्यातलं दोन वॉल्व्हचं एअर-कूल्ड डेस्मो इंजिन, ८०३ सीसीचं, डुकाटीच्याच स्क्रॅम्बलरमध्ये आहे, आणि तिचं कॅफे रेसर नावाचं मॉडेल २०१७ मध्ये भारतातही आलं होतं. सेकंडहँड मिळालं तर वरचं बेल्टचं, पिशव्यांचं, मॅपिंगचं सगळं त्याला लागू. फक्त मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल लक्षात ठेवा, कंपनीने दिलेली मूळ रचना बदलता येत नाही, म्हणून तिकडे परत फिरवता येणारे छोटे बदलच करा.

आणि इटलीत असाल किंवा फिरायला येणार असाल तर सप्टेंबरमध्ये इमोलाच्या त्याच ट्रॅकवर जुन्या गाड्यांचे पार्ट विकायचा बाजार भरतो. सकाळी दार उघडायच्या वेळेला जा, रोख पैसे ठेवा, हव्या त्या पार्टचा नंबर कागदावर लिहून न्या आणि स्लाइड कॅलिपर खिशात असू द्या, कारण तिथे सारख्याच दिसणाऱ्या दोन ब्रॅकेटमध्ये दोन मिलिमीटरचा फरक असतो. माझं मागचं मडगार्ड तिथेच मिळालं, एका आजोबांच्या टेबलाखालच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, आणि त्यावर त्यांनी मार्करने लिहिलं होतं, कुठून काढलं आणि कधी.