तेरा वसाहतींचा तक्ता आणि माझे चार गुण

एम.ए.ला अमेरिकेचा इतिहास घेतला तेव्हा ब्रिटिशांच्या तेरा वसाहतींचं प्रकरण मला हातचं वाटलं होतं. न्यू इंग्लंड, मध्य, दक्षिण असे तीन रकाने आखले, तीन रंगांची स्केचपेनं वापरली. अंतर्गत परीक्षेत पंधरापैकी चार मिळाले.

घोळ असा, की मी प्रदेश आणि राज्यकारभाराचा प्रकार एकच धरला. न्यू इंग्लंड म्हणजे सनदी (सनदेच्या आधारे वसाहतच आपला कारभार चालवते), मध्य म्हणजे मालकीच्या (राजाने एका माणसाला किंवा घराण्याला दिलेल्या), दक्षिण म्हणजे राजाच्या (गव्हर्नर राजा नेमतो). फिरत्या पीडीएफमध्ये तसंच होतं. (त्या पीडीएफ आधी डिलीट करा.) आता बघा: मेरीलँड दक्षिणेत, पण १६३२ची सनद बाल्टिमोर घराण्याची. पेनसिल्व्हेनिया मध्य भागात, तीही मालकीचीच, १६८१पासून विल्यम पेनची. शेजारचं न्यू यॉर्क मात्र १६८५पासून राजाचं. व्हर्जिनिया १६०७मध्ये व्यापारी कंपनीची, १६२४मध्ये राजाची. म्हणून प्रकार लिहिला की शेजारी साल लिहायचंच. मॅसॅच्युसेट्सने तर माझा पुरता निकाल लावला: पहिली सनद १६८४मध्ये रद्द, १६९१ला नवी सनद, पण गव्हर्नर राजा नेमणार. सनद आहे म्हणून सनदी म्हणालात, की गेले गुण.

मग वस्तीचा काहीच संबंध नाही? आहे, पण खालच्या पातळीवर. तंबाखू जमिनीचा कस काढतो, सतत नवी जमीन लागते. त्यामुळे व्हर्जिनियात मळे नद्यांच्या काठाने विखुरले. मोठ्या मळेवाल्याचा स्वतःचा धक्का, जहाज थेट दारात. गावं जेमतेम, म्हणून कारभार काउंटीचा (जिल्ह्यासारखा विभाग), न्यायाधीश तिथलेच बडे जमीनदार. मॅसॅच्युसेट्समध्ये कुटुंबांच्या गटाला एकत्र जमीन मिळायची. मधे प्रार्थनागृह, भोवती घरं, म्हणून गावसभा. गव्हर्नर कोण नेमतो हे सनद सांगते, गटाराचं भांडण कोण मिटवतो हे वस्ती.

आमचे एक सर म्हणायचे, "तक्ता पाठ करा, पुरतं." नाही पुरत. पण घाबरूही नका, सालं दहा-बाराच आहेत.

कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड स्वातंत्र्ययुद्धापर्यंत आपला गव्हर्नर आपणच निवडत, राजाने नेमलेल्या गव्हर्नर अँड्रॉसची मधली दोन-तीन वर्षं सोडली तर. ऱ्होड आयलंडने १६६३ची सनद १८४३पर्यंत चालवली. पुढच्या परीक्षेत एवढं सालांसकट लिहिलं, आणि अकरा पडले.