कुलूपबंद टॅबमधील हिशेब आपल्या हाती कसा ठेवावा
संस्थेकडून मिळालेल्या टॅबवर नवे अ‍ॅप टाकण्यास मनाई असली, तरी बचत गटाचा हिशेब किंवा कापूस वेचाईच्या मजुरीची नोंद त्यातील एकाच अ‍ॅपमध्ये अडकू देऊ नये. ‘एक्सपोर्ट’ची, म्हणजे नोंदी वेगळ्या फाइलमध्ये बाहेर काढण्याची, सोय असल्यास दर महिन्याला सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली) फाइल काढून मेमरी कार्डावर ठेवावी, ती साध्या मजकुराची असल्याने लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरपासून नोटपॅडपर्यंत कुठेही उघडते. मात्र एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ असल्याची खात्री आधीच करावी, अन्यथा मजुरांच्या नावांच्या रकान्यात नुसती प्रश्नचिन्हे उरतात आणि त्या फाइलमधून मूळ अक्षरे परत मिळत नाहीत. बेरजेची सूत्रे टिकवायची असतील, तर ओडीएस (लिबरऑफिसमधील तक्त्याचा फाइल-प्रकार) बरे.

स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर बहुधा एवढी बंधने नसतात. तेथे एफ-ड्रॉइड या अ‍ॅप-भांडारातून मुक्त सॉफ्टवेअर (वापरण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा असलेले) घ्यावे, परंतु एफ-ड्रॉइड बसवण्यासाठी ब्राउझरला दिलेली ‘अज्ञात अ‍ॅप’ची परवानगी काम होताच काढून घ्यावी, नेमके हेच राहून जाते. मेळघाटातील गावात रेंज नसेल, तर एकाने अमरावतीत उतरवलेली एपीके (अँड्रॉइड अ‍ॅप बसवण्याची) फाइल मेमरी कार्डावरून इतरांना द्यावी. मुक्त परवाना असे वाटप करू देतो, त्यामुळे यात कसलीही चोरी नाही.