भाचीचे जोर ओट्यावरून जमिनीवर कसे आणायचे

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या चौकात मी भाचा-भाचीला व्यायाम शिकवते. तो सतरा वर्षांचा, ती सोळा. पहिल्या दिवशी त्याने वीस जोर काढले. तिचे दोन झाले आणि ती म्हणाली, "आत्या, मी आपल्या बैठकाच मारते." जुम्मादादांच्या आखाड्याच्या या गावात पोरीने जोर सोडून द्यावेत, हे मला पटेना.

आधी कारण समजून घ्या. दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलामुलींच्या ताकदीत फारसा फरक नसतो. वयात येताना मुलांचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) वाढतं, स्नायू भरतात, हिमोग्लोबिन चढतं. ही तफावत पायांपेक्षा खांद्या-दंडांत जास्त दिसते. म्हणून बैठकांना ती भावाच्या जवळपास असते आणि जोरांना मागे पडते. मेहनतीने मात्र मुलीची ताकदही मुलाइतक्याच टक्क्यांनी वाढू शकते. फक्त सुरुवात खालून होते.

तेव्हा भार कमी करून सुरुवात करा. जमिनीवर साधा जोर काढताना अंगाच्या वजनाचा सुमारे 65 टक्के भार हातांवर येतो. फूटभर उंच पायरीवर हात टेकले की तो 55 च्या आसपास येतो, दोन फुटी ओट्यावर 40. भाचीला मी ओट्यावर लावलं. आठ-आठचे तीन फेरे, आठवड्यातून तीन दिवस, कंबर लोंबू द्यायची नाही. बारा-बारा नीट निघाले की पायरी. पायरी जमली की जमीन, तीही आधी फक्त खाली जाण्यापुरती: चार आकडे मोजत उतरायचं आणि गुडघे टेकून वर यायचं. या उतरण्यानेच दंड तयार होतात, घाई करू नका.

कमाटीबागेत दोघांना पळायला मी अंतर देत नाही, वेळ देते. बोलता येईल अशा वेगाने वीस मिनिटं. 100 मीटरचा जागतिक विक्रम पुरुषांत 9.58 सेकंदांचा, बायकांत 10.49 चा, तिथेही जवळजवळ दहा टक्क्यांचा फरक आहे, मग घरच्या पोरांना एकमेकांशी शर्यत का लावायची?

उड्या मारताना भाचीचे गुडघे आत वळतात का, ते मी मुद्दाम बघते. उड्या आणि झटक्यात वळण्याच्या खेळांत गुडघ्याच्या आतला अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलींत जास्त असतं. गुडघे वाकवून, पावलांच्या रेषेत ठेवून, आवाज न करता उतरायला शिकवा.

पाळीच्या दिवसांत मला लहानपणी घरात बसवत. भाचीला मी विचारते. बरं वाटत असेल तर ती करते, नसेल तर चालते. रक्तस्राव फार होत असेल किंवा दम लवकर लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. 12 च्या खाली असेल तर आधी डॉक्टर, मग जोर. मोठ्या बाईला रोज 29 मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला 19. पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा देऊ नका.

जमिनीवर सलग दहा निघाले की जोराचा पुढचा प्रकार, सपाट्याचा जोर, शिकवायला घ्या. आमची भाची सध्या सातावर आहे.