बास्क राष्ट्रवाद आणि सिनेमा: या विषयात संशोधन करायचं असेल तर

इतिहासात एमए झालंय किंवा चालू आहे, सिनेमाचं वेड आहे, आणि एखादी स्पॅनिश सिरीज बघून स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्क प्रांतावर काहीतरी काम करावं असं डोक्यात आलंय, अशा मंडळींसाठी हे लिहितेय. मी याच विषयावर पीएचडी केली. सुरुवात कुठून करू, भारतातून हे जमतं का, असं विचारणारे मेसेज अधूनमधून येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. सिनेमा ज्या काळाची गोष्ट सांगतो त्यापेक्षा ज्या काळात तो बनला त्या काळाबद्दल जास्त बोलतो, आणि इतिहासाच्या माणसाला त्याचा उपयोग तिथेच होतो. उदाहरण घ्या. २० डिसेंबर १९७३ ला एटा या बास्क स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेनं स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याचा पंतप्रधान कारेरो ब्लांको याला माद्रिदमध्ये स्फोट करून मारलं. रस्त्याकडेचं तळघर भाड्यानं घेतलं, शिल्पकार आहोत असं सांगितलं म्हणजे ठोकाठोकीचा आवाज आला तरी कुणाला संशय येणार नाही, आणि तिथून रस्त्याखाली बोगदा खणला. यावर इटालियन दिग्दर्शक जिलो पोन्तेकोर्वोनं १९७९ मध्ये ‘ओपेरासिऑन ओग्रो’ काढला. आता नुसता कट, बोगदा, स्फोट एवढंच बघितलं तर तो १९७३ चा थ्रिलर वाटेल. पण सिनेमाची चौकट १९७८ ची आहे, फ्रँको जाऊन लोकशाही आलीये, कटातल्या दोन जुन्या साथीदारांपैकी एक हॉस्पिटलमध्ये मरायला टेकलाय कारण त्यानं बंदूक खाली ठेवलेलीच नाही, आणि हुकूमशाही गेल्यावर हिंसेचं समर्थन उरतं का हा वाद दोघांत अजून मिटलेला नाही. मधल्या काळात, १९७८ मध्ये, इटलीत माजी पंतप्रधान आल्दो मोरोचं डाव्या अतिरेक्यांकडून अपहरण होऊन खून झाला होता आणि पोन्तेकोर्वोला त्याकडे पाठ फिरवून हा सिनेमा करणं शक्यच नव्हतं. म्हणजे बोगदा स्पेनचा पण घालमेल इटलीची! हे एकदा दिसायला लागलं की प्रत्येक सिनेमा असाच वाचावासा वाटतो.

पण त्यासाठी इतिहास आधी पाहिजे, आणि तो १९५९ पासून म्हणजे एटाच्या स्थापनेपासून सुरू करू नका. कमीत कमी १८७६ पर्यंत मागे जा. दुसरं कार्लिस्ट युद्ध (स्पेनच्या गादीवरून झालेली यादवी) की तिसरं हे नाव महत्त्वाचं नाही, त्या युद्धानंतर बास्क प्रांतांचे जुने हक्क, ज्यांना फुएरोस म्हणतात, ते काढून घेतले गेले हे महत्त्वाचं आहे. त्याच सुमारास बिल्बाओच्या आसपास लोखंडाच्या खाणी जोरात सुरू झाल्या, स्पेनच्या इतर भागांतून मजूर आले, शहराचं रूप पालटलं, आणि या उलथापालथीत साबिनो अराना नावाच्या तरुणानं १८९५ मध्ये पीएनव्ही म्हणजे बास्क राष्ट्रवादी पक्ष काढला. हा पक्ष आजही आहे आणि तिथल्या राजकारणात भक्कम आहे.

मराठी वाचक इथे एका ठिकाणी हमखास अडखळतो. आपल्याला संयुक्त महाराष्ट्राची चळवळ घरच्यांकडून ऐकून माहीत असते, त्यामुळे प्रादेशिक अस्मिता म्हटलं की भाषा आलीच असं आपण गृहीत धरतो. अरानाच्या विचारात मात्र वंश आणि कॅथलिक धर्म पुढे होते, बाहेरून आलेल्या मजुरांबद्दल त्यानं अत्यंत द्वेषानं लिहिलंय आणि ते वाचताना त्रास होतो. भाषेला मध्यवर्ती जागा मिळाली ती पुढे, विशेषतः एटाच्या पिढीत. हा बदल नीट समजला नाही तर १९३० च्या दशकातला सिनेमा आणि १९६८ चा सिनेमा तुम्ही एकाच फूटपट्टीनं मोजाल.

शेजारच्या नवारा प्रांताचा प्रश्नही असाच. राष्ट्रवाद्यांच्या नकाशात नवारा बास्क भूमीतच येतो, पण आज त्याचं सरकार वेगळं आहे आणि तिथल्या बऱ्याच लोकांना हा नकाशा मान्य नाही. गोव्याच्या लोकांना हे पटकन कळेल असं एक उदाहरण आहे. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात ज्याचं फेस्त असतं तो सेंट फ्रान्सिस झेवियर नवारामधल्या हाविएर किल्ल्यात जन्मला आणि त्याची मायबोली बास्क होती. तोच ३ डिसेंबर नवारा प्रांताचा दिवस म्हणून साजरा होतो आणि तोच बास्क भाषा दिन म्हणूनही. एकच संत, पण दोन्ही बाजू त्याला आपला म्हणतात.

आता सिनेमे. पहिला धक्का हा बसतो की काही महत्त्वाचे सिनेमे आज उपलब्धच नाहीत. तेओदोरो एर्नान्दोरेना या पीएनव्हीच्या कार्यकर्त्यानं १९३३ मध्ये ‘एउस्कादी’ नावाचा प्रचारपट काढला होता, सान सेबास्तियानला झालेल्या आबेरी एगुना म्हणजे पितृभूमी दिनाच्या सोहळ्यावर. पुढे स्पेनच्या यादवी युद्धात हा सिनेमा गहाळ झाला. मग जो सिनेमा बघताच येत नाही त्याचा अभ्यास कसा करायचा? त्या वेळच्या वर्तमानपत्रांवरून. कुठे दाखवला, कोण आलं होतं, लोकांनी टाळ्या कशाला वाजवल्या, कोणत्या पेपरनं त्याबद्दल चकार शब्द छापला नाही. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण पडद्यावर काय होतं यापेक्षा थिएटरात काय झालं हे कळायला लागतं.

दुसरं टोक म्हणजे ‘आमा लूर’, १९६८. नेस्तोर बास्तेरेचेआ आणि फेर्नान्दो लारुकेर्त यांचा माहितीपट, लोकांकडून छोट्या छोट्या रकमा गोळा करून बनवलेला. फ्रँकोचं राज्य चालू आहे, उघड राजकीय काही बोलता येत नाही, म्हणून डोंगर, समुद्र, नाच, दगड उचलायच्या स्पर्धा, जुनी शेतघरं यांतूनच बोलायचं. सेन्सॉरनं निवेदनात स्पेनचं नाव यायलाच पाहिजे असा आग्रह धरला आणि पिकासोच्या ‘गेर्निका’ चित्राला कात्री लावली. २६ एप्रिल १९३७ ला हिटलरच्या कोंडोर लीजन या विमानदलानं गेर्निका हे बास्क गाव बॉम्ब टाकून बेचिराख केलं होतं, ते साल ओलांडून तीस वर्षं झाली तरी चित्रसुद्धा चालत नव्हतं.

अशा सिनेमांसाठी आल्काला दे एनारेस इथलं सरकारी अभिलेखागार गाठावंच लागतं. माद्रिदहून लोकल ट्रेननं जाता येतं. सेन्सॉरच्या फायली तिथे आहेत. फायलीत साधारणपणे टाइप केलेली पटकथा, ती वाचणाऱ्या सेन्सॉरांचे अहवाल, काय कापायचं याच्या सूचना आणि निर्मात्याचा पत्रव्यवहार असतो. एकाच पटकथेवर दोन सेन्सॉर दोन वेगळी मतं देतात, एकाला जे निरुपद्रवी लोकनृत्य वाटतं त्यात दुसऱ्याला फुटीरता दिसते, आणि हे वाचताना कळतं की हुकूमशाहीतसुद्धा सत्ता एकसंध नसते. बॉक्स नंबर आधीच काढून ठेवा, पेन्सिल न्या, आणि फायलीच्या प्रत्येक पानाची नोंद त्याच दिवशी टाइप करा. रात्री कंटाळा येतोच, तरी करा.

१९७७ मध्ये सेन्सॉरशिप गेली आणि मग एकदम दारं उघडली. इमानोल उरिबेचे दोन सिनेमे इथे लागोपाठ बघा. १९७९ चा ‘एल प्रोसेसो दे बुर्गोस’ हा माहितीपट, १९७० च्या बुर्गोस खटल्यातल्या आरोपींच्या मुलाखतींचा. एटाच्या १६ जणांवर लष्करी खटला चालला होता, सहा जणांना फाशी सुनावली होती आणि जगभरातून आरडाओरडा झाल्यावर ती रद्द करून कैद दिली. सिनेमात बोलणारी माणसं तोवर वेगवेगळ्या पक्षांत पांगली होती, आणि कोण कुठल्या पक्षात होतं हे बाजूला कागदावर लिहून मग परत बघितलं की एकच आठवण वेगवेगळी का सांगितली जाते ते कळतं. दुसरा ‘ला फुगा दे सेगोव्हिया’, १९८१, सेगोव्हियाच्या तुरुंगातून एप्रिल १९७६ मध्ये २९ कैदी बोगद्यातून पळाले त्यावर. याचा निर्माता आंखेल आमिगो स्वतः त्या पळालेल्यांपैकी एक होता! आणि या सिनेमाला नव्यानं स्थापन झालेल्या बास्क स्वायत्त सरकारची मदत होती. १९७९ च्या कायद्यानं स्वायत्तता मिळाली, लगेच सिनेमाला अनुदान सुरू झालं, अटी अशा की शूटिंग तिथे व्हावं, बहुतेक कलाकार आणि तंत्रज्ञ तिथलेच असावेत, बास्क भाषेतली एक प्रत तयार व्हावी. सरकार पीएनव्हीचं, सिनेमा एटाच्या कैद्यांचा, हा ताण समजून घेण्यासारखा आहे. पैसा कुणाचा हा प्रश्न विचारल्याशिवाय सिनेमाच्या विचारसरणीबद्दल एक वाक्यही लिहू नका, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते.

या सुरुवातीच्या सिनेमांत एक मोठी उणीव आहे, ती म्हणजे मारली गेलेली माणसं. एटानं आठशेहून जास्त लोक मारले, त्यातले बहुतेक फ्रँको गेल्यानंतर, लोकशाहीत. पडद्यावर मात्र बराच काळ कॅमेरा बंदूकवाल्याच्या खांद्यावरूनच बघत राहिला. २००० नंतर हे बदलत गेलं, इन्याकी आर्तेताचे माहितीपट आले, आणि २०२१ मध्ये इसियार बोयाइनचा ‘माइशाबेल’ आला ज्यात नवरा गमावलेली बाई त्याच्या मारेकऱ्यांना समोरासमोर भेटते. माइशाबेल लासा खरी आहे, भेटीही खऱ्या झाल्या. त्याच वेळी दुसऱ्या बाजूची जखमही विसरता येत नाही, कोठडीतला छळ आणि १९८३ ते ८७ मध्ये सरकारी यंत्रणेतल्या लोकांनी उभं केलेलं ‘गाल’ (GAL) नावाचं खुनी जाळं. हुलिओ मेदेमनं २००३ च्या माहितीपटात सगळ्या बाजूंना एकत्र बोलवायचा प्रयत्न केला तर केवढा गदारोळ झाला, मंत्र्यांपासून पीडितांच्या संघटनेपर्यंत लोक तुटून पडले. तो वाद मला सिनेमाइतकाच महत्त्वाचा दस्तऐवज वाटतो. मग ऑक्टोबर २०११ ला एटानं शस्त्रं थांबवली आणि २०१४ मध्ये बास्क मुलगी आणि दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाचा मुलगा यांच्या प्रेमाची एक विनोदी फिल्म स्पेनमध्ये तोवरची सगळ्यात चाललेली स्पॅनिश फिल्म ठरली. हसता यायला लागलं हे खरं, पण ते २०११ नंतर अचानक आलं असं लिहू नका, बास्क टीव्हीवर २००३ पासूनच एका विनोदी कार्यक्रमात हे विषय येत होते.

एक पद्धत सांगते जी मला फार उपयोगी पडली. एक सिनेमा घ्या आणि प्रदर्शनाच्या आठवड्यातली त्याची परीक्षणं किमान चार पेपरांत वाचा: पीएनव्हीच्या जवळचा ‘देया’, कट्टर राष्ट्रवादी डाव्यांचा ‘एगिन’ (१९९८ मध्ये बंद झाला), बिल्बाओचा ‘एल कोरेओ’ आणि माद्रिदचा ‘आबेसे’. एकाच प्रसंगाबद्दल चौघं काय म्हणतात ते शेजारी शेजारी मांडा. प्रकरणाचा निम्मा सांगाडा तिथेच उभा राहतो.

भाषेबद्दल. स्पॅनिश बी२ पातळीपर्यंत (म्हणजे स्वतंत्रपणे वाचता-बोलता येण्याइतकी) न्या, त्याशिवाय फायली वाचता येणार नाहीत. पुण्यात विद्यापीठात शिकता येतं, दिल्लीत इन्स्तितूतो सेर्व्हान्तेस आहे. बास्क भाषा स्पॅनिशशी अजिबात संबंधित नाही, वेळ लागतो, पण तिथे मोठ्यांना ती शिकवणाऱ्या शाळा आहेत, एउस्काल्तेगी म्हणतात, तिथे नाव घाला. अस्खलित झालं नाही तरी चालेल, पण तुम्ही शिकताय एवढं दिसलं की लोक जास्त मोकळेपणानं बोलतात. स्पॅनिश येईपर्यंत इंग्रजीत वाचायला नेवाडा विद्यापीठाच्या रीनोमधल्या बास्क अभ्यास केंद्राची पुस्तकं बघा. मेंढपाळ म्हणून अमेरिकेच्या पश्चिमेला गेलेल्या बास्क लोकांमुळे ते केंद्र तिथे उभं राहिलं. वितोरियातले इतिहासकार सांतियागो दे पाब्लो यांचं याच विषयावरचं इंग्रजी पुस्तक तिथूनच २०१२ मध्ये आलंय, सुरुवातीला तेच वाचा.

बाकी जागा: सान सेबास्तियानला बास्क फिल्म संग्रहालय आहे, वितोरियाला सांचो एल साबियो ग्रंथालय, आणि लाझकाओ गावातल्या बेनेदिक्तिन मठात राजकीय पत्रकं आणि पोस्टर्सचा प्रचंड साठा, एका साधूनं वर्षानुवर्षं रस्त्यावरून, बैठकांतून, सगळ्या पक्षांकडून कागद गोळा करून जमवलेला. फिल्म रीळ कसं हाताळतात, कॅटलॉग कसा वाचतात हे शिकायला आधी पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयात थोडे दिवस बसा, तिथली सवय तिकडे थेट कामी येते.

मुलाखती घेणार असाल तर सांभाळून. छोट्या गावात मारलेल्याचं घर आणि मारणाऱ्याचं घर एकाच गल्लीत असू शकतं. बारमध्ये उभ्या उभ्या एटाचा विषय काढू नका, आधी सिनेमाबद्दल विचारा, पहिल्यांदा कुठे बघितला, कुणाबरोबर बघितला, घरी येऊन त्यावर बोलणं झालं का. लोक स्वतःहून पुढे जातात, आणि नाही गेले तर तिथेच थांबा. रेकॉर्डिंगची लेखी परवानगी घ्या आणि नावं बदलायची तयारी ठेवा.

गाईड निवडताना सिनेमावाला की इतिहासवाला असा घोळ होतो. माझं मत स्पष्ट आहे, इतिहासवाला मुख्य घ्या आणि सिनेमावाला सह-मार्गदर्शक, कारण फ्रेमचं विश्लेषण पुस्तकांवरून बरंच शिकता येतं पण अभिलेखागारात कुठला कागद खरा बोलतोय हे अनुभवी माणसाशेजारी बसूनच कळतं.

प्रवासाचं म्हणाल तर ऑगस्टमध्ये जाऊ नका, अर्धा देश सुट्टीवर असतो आणि अभिलेखागारांचे तास कमी होतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सान सेबास्तियानचा फिल्म महोत्सव असतो, १९५३ पासूनचा, राहणं महाग पडतं म्हणून शेजारच्या गावात खोली बघा, पण बास्क सिनेमांसाठी तिथे सिनेमिरा नावाचा वेगळा विभाग आहे आणि दिग्दर्शक शो संपल्यावर प्रेक्षकांशी बोलतात. फायलींची कामं त्याच्या आधी किंवा नंतर लावा, ईमेल स्पॅनिशमध्ये लिहा, कोणते बॉक्स हवेत ते आधीच कळवा, आणि उत्तर नाही आलं तर आठवड्यानं सरळ फोन करा.